दोन भाषांतले समाधान

सौराष्ट्रात किंवा कच्छात फिरताना गावांच्या शिवेवर, तळ्यांच्या काठी पाळिये उभे दिसतात. वरच्या बाजूला सूर्य आणि चंद्र, खाली घोड्यावर बसलेला, हाती भाला घेतलेला वीर. त्यांतले कितीतरी पाळिये गावच्या गाई वळवून नेणाऱ्यांशी लढताना पडलेल्यांचे आहेत. आपल्याकडचे वीरगळ याच कुळातले. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई, पडलेला वीर आणि कित्येकदा गाईंची रांग. मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. अजय दांडेकर यांनी 1991 सालच्या आपल्या निबंधात महाराष्ट्रातले कळप, वीरगळ आणि देवतांचे संप्रदाय यांचा एकत्र विचार केला, तेव्हा या दगडांमागे चराईच्या भूमीवरचा संघर्ष आहे हे अभ्यासकांपुढे ठळकपणे आले. दोन्ही प्रांतांत दगड उभा राहिला तो गुरांसाठी मेलेल्याचा. मध्ये पडून भांडण मिटवणाऱ्याचा, दोन्हीकडची माणसे जिवंत घरी धाडणाऱ्याचा दगड आमच्या पाहण्यात नाही.

स्मारक मेलेल्याचेच असते, असे यावर कोणी म्हणेल. ते खरेच, पण एवढ्याने मनाची शंका फिटत नाही. लढणाऱ्याविषयी आपल्या मनात जो आदर आहे, तो मिटवणाऱ्याविषयी नाही. ‘तडजोड’ या शब्दालाच एक कमीपणाचा वास येतो. तडजोड केली म्हणजे तत्त्वातले काहीतरी सोडले, असे आपण गृहीत धरतो. सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्या आपल्या घरांतून मात्र दुसरा एक शब्द दोन अर्थांनी वावरत असतो. गुजरातीत ‘समाधान’ म्हणजे परस्पर संमतीने तंटा मिटवणे; भाऊबंदकीचा दावा वर्षानुवर्षे रेंगाळला की वकीलसुद्धा समाधान करून टाका म्हणतो. मराठीत समाधान म्हणजे चित्ताची तृप्ती. घरात आपण मराठी समाधान मागतो आणि बाजारात गुजराती समाधान करतो. पहिल्या समाधानातून दुसरे मिळते का, आणि मिळत नसेल तर ते खरे मिटणे म्हणावे का, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. त्याचा विचार पशुपालकांच्या निमित्ताने करावा असे वाटते, कारण त्यांच्या तंट्यात वायफळ काही उरत नाही. गवत, पाणी आणि पुढच्या वर्षी त्याच पाणवठ्यावर पुन्हा भेटणारा शेजारी, एवढेच त्यात असते.

सुरतेत ‘काठियावाडी’ म्हटले की अमरेली-भावनगरकडून आलेला, हिऱ्याच्या घंटीवर बसणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. तापी लाईनने वर जावे, अर्धे स्थानक गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात असलेले नवापूर ओलांडावे, की त्याच शब्दाचा अर्थ पालटतो. धुळे-नंदुरबारकडे ‘काठेवाडी’ म्हणजे गाईंचे खिल्लार घेऊन आलेला भरवाड किंवा रबारी. काही कुटुंबे कित्येक दशकांपासून खानदेशात आणि त्याही पुढे वऱ्हाडात वावरत आली आहेत. त्याच मुलुखात ठेलारी आहेत. साक्री तालुक्यात आणि आसपास त्यांची वस्ती, मेंढ्या हे त्यांचे धन, आणि महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत त्यांची नोंद. (मल्हारराव होळकरांचे बालपण मामाकडे तळोद्यास, याच तापीच्या खोऱ्यात गेले, तेव्हा या भागातल्या मेंढरांना इतिहासातही जागा आहे.) दोन्हीही पशुपालक, दोन्हीही वर्षातले बरेचसे महिने घराबाहेर. मग भांडण कशाचे?

उन्हाळ्यात ते फारसे नसते. पिके निघालेली असतात, शेतकऱ्याला आपल्या रानात मेंढ्या बसवून हव्या असतात, कारण एका रात्रीची लेंडी त्याला खत म्हणून उपयोगी पडते. खरी अडचण पावसाळ्यात येते. शेते पिकांनी अडलेली, वनखात्याची नवी लागवड चराईला बंद, गायरान पूर्वीएवढे उरलेले नाही. सगळे कळप त्याच चार टेकड्यांकडे वळतात. त्यात मेंढरू गवताच्या मुळाशी दात लावते; त्याच्यामागून आलेल्या गाईला तोंडात घ्यायला फारसे काही राहत नाही. ठेलारी म्हणतो, आम्ही इथले. काठेवाडी म्हणतो, आमचे बापजादे येत आले. डोंगरउतारावर नाचणी-भगर पिकवणारा भिल्ल किंवा कोकणा शेतकरी म्हणतो, तुम्ही दोघेही बाहेरचे. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि प्रत्येकाचा युक्तिवाद एकाच प्रश्नावर येऊन थांबतो: ही भूमी कोणाची? या प्रश्नाला अशा ठिकाणी प्रामाणिक उत्तर नसते. जो किती मागच्या काळापासून मोजायला लागेल, त्यावर उत्तर अवलंबून राहील.

तरीही बहुतेक वर्षे डोकी फुटत नाहीत. ती का फुटत नाहीत, याचा विचार फुटलेल्या डोक्यांच्या बातमीपेक्षा अधिक उद्बोधक आहे. एका बाजूचा मुखी आणि दुसऱ्या बाजूच्या वाड्याचा म्होरक्या बसतात तेव्हा भूमी कोणाची हे ते ठरवीत नाहीत. कोणी कुठल्या उतारावर किती दिवस थांबायचे, पाण्यावर सकाळी कोणी यायचे आणि दुपारी कोणी, आजारी जनावर कुठे ठेवायचे, कोणाच्या पिकात शिरले तर काय भरून द्यायचे, एवढेच ठरते. मालकीच्या जागी पाळी येते, हद्दीच्या जागी हंगाम येतो. कायद्याच्या दृष्टीने हा मुख्य प्रश्न टाळण्याचा प्रकार वाटेल. आम्हाला त्यात एक मोठे शहाणपण दिसते. मालकीचा निकाल एकदाच लागतो आणि हरलेल्याला आयुष्यभर हरवतो. पाळी मात्र फिरून येते.

माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी 1980च्या सुमारास महाराष्ट्रातल्या धनगरांचा जो अभ्यास केला, त्यातही हेच दुसऱ्या रीतीने दिसले. सह्याद्रीच्या पावसाळी माथ्यावर म्हशी पाळणारे गवळी-धनगर, पूर्वेच्या कोरड्या पठारावर मेंढ्या पाळणारे हटकर. जनावर निराळे, प्रदेश निराळा, म्हणून टक्कर कमी. निसर्गाचा उपयोग वाटून घेण्याची ही रचना आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. निरीक्षण मोलाचे आहे. त्यातून निघणारे एक सूचन मात्र आम्हाला पचत नाही. जातिव्यवस्था म्हणजे जणू शहाण्या शेजाऱ्यांनी केलेली वाटणी, असे कोणी त्यावरून समजू लागला तर तो फसेल. वाटणीला बसलेल्या सगळ्यांना तिथून उठून जाण्याची मोकळीक होती का, हे विचारल्याशिवाय वाटणी न्याय्य होती असे म्हणता येत नाही.

हीच शंका जेजुरीच्या पायऱ्या चढताना येते. खंडोबाच्या दोन बायकांचे भांडण आपल्या जागरणांनी घरोघर पोहोचवले आहे. म्हाळसा लिंगायत वाण्याची, घरंदाज. बाणाई धनगराची, जिच्यासाठी देवाने तिच्या बापाच्या मेंढ्या राखल्या. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या देवतांचा जन्मभर अभ्यास केला आणि या कथेत स्थायिक आणि फिरस्ती अशा दोन समाजांचे एकत्र येणे दाखवून दिले. भांडण मिटले ते असे: म्हाळसा देवाशेजारी वर गडावर, बाणाईचे देऊळ डोंगर अर्धा चढल्यावर. कोण खरी आणि कोण खोटी हे कोणी ठरवले नाही. वाणी आणि धनगर एकाच देवाला एकाच यात्रेत भेटू लागले. ही मिटवणी शतकानुशतके टिकली. पण अर्ध्या डोंगरावर राहायला कोणाला सांगितले गेले? धनगराच्या लेकीलाच. समेटाच्या बहुतेक कथांत कोणीतरी अर्ध्या डोंगरावर थांबलेले असते. ते कोण आहे हे पाहण्याची सवय आपण लावून घेतलेली बरी.

आता जामिनाविषयी. नुसता शब्द दोन अनोळखी कळपांमध्ये पुरत नाही. शब्द मोडल्यास ज्याचे काही जाईल असा तिसरा माणूस लागतो. पश्चिम भारतात हे काम चारण आणि भाट करीत. चारण स्वतःही गुरे राखणारे. शिवाय त्यांना दुखावणे पाप मानले जाई, म्हणून त्यांची हमी चाले. इथे आपल्या पूर्वजांचाही संबंध येतो. काठी हे गुरांचे कळप बाळगणारे आणि शेजाऱ्यांची गुरे वळवण्याचीही ख्याती असलेले लोक. त्यांच्यावरून सगळ्या द्वीपकल्पाला काठेवाड हे नाव रूढ केले ते मराठ्यांनी, असे सांगतात. गायकवाडांच्या फौजा तिकडे दरसाल मुलूखगिरीला जात आणि गावोगावच्या ठाकोरांकडून खंडणी वसूल करीत. 1807 साली बडोद्याचे रेसिडेंट कर्नल वॉकर आणि गायकवाडांचे सरदार विठ्ठलराव देवाजी यांनी मोरबीजवळच्या घुंटू येथे मुक्काम करून ठाकोरांशी कायमचे करार केले. खंडणीचा आकडा ठरला, आणि प्रत्येकाकडून वर्तणुकीचा जामीन, म्हणजे फेल जामीन, लिहून घेतला गेला: शेजाऱ्यावर धाड घालणार नाही, गुरे वळवणार नाही. साम्राज्याच्या सत्तेलासुद्धा आरंभी जामिनाची जुनी भाषाच बोलावी लागली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या हमीची दुसरी बाजू भयानक होती. करार मोडला तर जामीन राहिलेला चारण त्रागा करी. मोडणाऱ्याच्या दारात तो स्वतःवर वार करी, किंवा घरातल्या कोणाचा, कित्येकदा म्हाताऱ्या आईचा, बळी देई, म्हणजे त्या रक्ताचे पाप करार मोडणाऱ्याच्या माथी बसे. मराठीत आदळआपट करणाऱ्याला आपण ‘त्रागा करतो’ म्हणतो, तेव्हा या शब्दामागे काय काय वाहून गेले आहे याची आठवण कोणाला नसते. जिने कधी कोणाचे वासरूही वळवले नाही, त्या म्हातारीच्या जिवावर दोन दांडग्या शेजाऱ्यांमधली शांतता उभी होती. इंग्रजांनी ही रीत बंद केली ते योग्यच झाले. पण जामिनाची जागा त्यांनी कशाने भरली? 1871च्या गुरांच्या कायद्याने कोंडवाडा आला. पिकात शिरलेले जनावर कोंडायचे, दंड भरून सोडवायचे. दंड सरकारजमा झाला की सरकारच्या दृष्टीने प्रकरण संपले. ज्याचे पीक गेले आणि ज्याची गाय अडकली, त्या दोघांनी एकमेकांशी बोलण्याचे कारण उरले नाही. त्याच वळणावर आपण अजून आहोत. 2022 साली शहरातल्या गुरांसाठी परवाना, बिल्ला आणि शिक्षा यांची तरतूद करणारे विधेयक गुजरात विधानसभेत मंजूर झाले. मालधाऱ्यांच्या आंदोलनानंतर, राज्यपालांनी ते परत पाठवल्यावर, 21 सप्टेंबर 2022 रोजी विधानसभेने ते मागे घेतले. मंजुरी आणि माघार दोन्ही झाल्या. गिळलेल्या गौचराच्या जागी गाईने कुठे उभे राहायचे, याची बोलणी मात्र दोन्ही वेळी बाजूलाच राहिली.

बळी न देता जामीन उभा राहू शकतो का? केनियाच्या ईशान्येस वजीर नावाचा कोरडा प्रदेश आहे. तिथले सोमाली पशुपालक उंट, गाई, शेळ्या घेऊन विहिरीमागून विहिरी धरीत फिरतात. 1992-93च्या दुष्काळात तिथल्या कुळाकुळांत बंदुका चालल्या. आरंभ केला तो बाजारातल्या बायकांनी, ज्यांत डेखा इब्राहिम आब्दी ही तरुण शिक्षिका होती. पहिला ठराव साधा होता: कूळ पाहून कोणत्याही बाईला दूध किंवा धान्य विकण्यास नकार द्यायचा नाही. मग त्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या, आणि मध्यस्थीसाठी त्यांनी बलाढ्य कुळांचे पुढारी निवडले नाहीत. लहान कुळांतले वृद्ध निवडले, ज्यांना कोणाचीच भीती घालता येत नव्हती आणि ज्यांना युद्धाचा चटका सर्वाधिक बसत होता. समेट झाला आणि त्यातून उभी राहिलेली शांतता समिती पुढे इतर जिल्ह्यांना नमुना ठरली. डेखांना 2007 मध्ये राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला; 2011 मध्ये त्या वारल्या.

या कथेतही अर्धा डोंगर आहे. सोमाली रिवाजानुसार पुरुषाच्या खुनाची भरपाई 100 उंट, स्त्रीच्या खुनाची 50. उंट मारणाऱ्याचे सगळे कूळ मिळून देते. मारणारा मोकळा फिरतो. उंटांची वाटणी मेलेल्याच्या कुळात होते आणि विधवेच्या वाट्याला काय येते ते कुळाच्या मर्जीवर राहते. ज्या बायकांनी शांतता आणली, त्यांचाच जीव त्या शांततेच्या हिशोबात निम्मा मोजला जातो. हे ऐकून आपल्यातला कायदाप्रेमी माणूस म्हणेल, खुनी तुरुंगातच गेला पाहिजे. आम्हालाही तसेच वाटते. पण त्या विधवेला उद्या सकाळी त्याच विहिरीवर जायचे आहे आणि तिथून पोलीस चौकी कित्येक मैल दूर आहे. तिचा धाकटा मुलगा सूड घ्यायच्या वयात यायला अजून काही वर्षे आहेत. शंभर उंटांनी तिला मराठी समाधान मिळत नाही. गुजराती समाधानाने तिचा दुसरा मुलगा वाचतो. यातले एक निवडायचे झाल्यास दुसरे निवडावे, असा आमचा कौल आहे. मात्र तो कौल देण्याचा अधिकार दूर सुरतेत बसलेल्या आमचा नसून तिचा आहे. बैठकीत ती बसली होती का, हाच समेटाच्या न्याय्यतेचा कस. आपल्या महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2007 पासून तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि मिटवलेल्या तंट्यांवर गावाला बक्षीस मिळू लागले, तेव्हा अनेक भल्या लोकांनी तीत मन घातले. पण मिटवलेल्या तंट्यांची गणती होते, गप्प बसवलेल्या माणसांची होत नाही, ही भीती आम्हाला तेव्हाही होती.

आतापर्यंतच्या विवेचनावरून आम्ही पंचांच्या बाजूचे आणि न्यायालयांच्या विरुद्ध आहोत असा समज होईल. कच्छातल्या बन्नीची हकिगत त्याच्या आड येते. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा तो गवताळ सपाट प्रदेश, रणाच्या कडेला. जत, मुतवा, हालेपोत्रा, रायसीपोत्रा, मेघवाळ अशा समाजांची गावे; कांकरेज गाई आणि बन्नी म्हशी. 2010 साली या म्हशीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. तिची रीत मोठी मौजेची: संध्याकाळी धार काढल्यावर कळप सोडून देतात, म्हशी रात्रभर राखणदारावाचून चरतात आणि पहाटे आपापल्या घरी परततात. असे जनावर पाळायचे तर रान सगळ्यांचे असावे लागते. अंधारात म्हशीला सातबारा वाचता येत नाही.

1955 साली बन्नी संरक्षित वन म्हणून जाहीर झाली. 1961पासून रणाचा प्रसार रोखण्यासाठी तिथे गांडा बावळ लावला गेला आणि त्याने पुढे गवताचा मोठा भाग गिळला. गवत आटले तसे काही जण सामाईक रानात कुंपणे घालून शेती करू लागले. ही माणसे कोणी परकी नव्हती. त्यांतले कित्येक त्याच गावांतले, सोयरिकीतले होते. त्यांचेही म्हणणे होते: दुष्काळात म्हैस मरते, शेतात निदान काही हाती लागते. मालधाऱ्यांची संघटना 2008 मध्ये उभी राहिली होती. गावागावांत बन्नी वाटून न घेता ती एकत्र, सामाईक ठेवावी, अशी तिची भूमिका. त्या आधारावर वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्काचे दावेही झाले. कुंपणे मात्र वाढत राहिली. जुनी समजावणी चालेनाशी झाली, कारण कुंपण घालणाऱ्याला शेजाऱ्याची गरज उरली नव्हती. पाळीची सारी नीती या एका गृहीतावर उभी असते की आज मी तुला अडवले तर उद्या तू मला अडवशील. ज्याने विहीर खोदली, तार ओढली आणि बाजाराशी थेट सूत जुळवले, त्याला उद्याची भीती नसते. अशा माणसाशी समाधान करायला बसणे म्हणजे दुबळ्याने आपली हार शिष्टाचाराने मान्य करणे होय.

संघटना 2018 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेली. मे 2021 मध्ये निकाल लागला: अतिक्रमणे सहा महिन्यांत हटवावीत, आणि सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा मालधाऱ्यांचा हक्क मान्य आहे. हा निकाल योग्य आहे असे आमचे मत आहे. बोलणी खुंटतात तिथे कोणीतरी मालकीचा कटू प्रश्न विचारून उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर ‘सगळ्यांची’ असे आले ही विशेष गोष्ट. तरी निकालाने फक्त तार निघते. जिथे तार निघेल त्या जमिनीवर पहिल्या पावसानंतर गवत फुटेल, तेव्हा काल ज्याचे शेत होते त्याच्याही म्हशी संध्याकाळी सुटणारच. त्यांना तिथे चरू द्यायचे का, की त्या घराला काही वर्षे बाहेर ठेवायचे; त्याच्या मुलीला दिलेला शब्द सोयऱ्यांनी पाळायचा का; पाण्यावर त्याची पाळी कितवी, यातले काहीही हुकूमनाम्यात असू शकत नाही. ते हालेपोत्रांना आणि मुतव्यांना, जतांना आणि मेघवाळांना आपापसांत बसून ठरवायचे आहे, आणि म्हशी पहाटे परतायच्या आत.